जांभळी किनार

मी मूळचा उमरेडचा. आता उमरेड म्हटलं की लोक कोळसा म्हणतात, पण आमच्या वेळी उमरेड म्हणजे हातमाग, गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी खटखट खटखट, कोंबडं आरवायच्या आधी माग आरवायचा. माहा बाप विणकर, आजा विणकर, पण मी काही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारा प्राणी नव्हतो. बाप म्हणे, याले मागावर बसवलं तं कापडापेक्षा गाठीच जास्त निघतील, अन् मिसरूड फुटलं तसं मले नागपुरात इतवारीच्या मागं एका रंगाऱ्याकडं धाडून दिलं. सूत रंगवायचं काम. मोठमोठे हंडे, खाली भट्टी, वरून वाफ, अन् सुताच्या लड्या काठीवर टांगून आत बुडवायच्या, फिरवायच्या, काढायच्या. मले तं स्वर्गच सापडला बापा. हात कधी हिरवे, कधी लाल, माणूस माह्या हाताकडं पाहूनच समजे की आज कोणत्या रंगाची ऑर्डर आहे. माही बायको विमल, ती पहिल्या दिवशी माह्या हाताले पाहून घाबरली होती, म्हणे हे काय रोग आहे का. मी म्हटलं, नाही वं, ही तं माही कमाई आहे. तिचा तो प्रश्न पुढं वीस वर्षांनी कसा माह्या अंगावर आला ते सांगतो, घाई करू नका.

पहिले बाईचं सांगतो. बाई म्हणजे माही मोठी बहीण, नाव कौसल्या, माह्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं लग्न कामठीले जुळलं. लुगडं बाप स्वतः विणणार, अन् बाप मले म्हणे, किनारीचं सूत तू रंगव, बहिणीले तुहा हात लागू दे. बाईले जांभळी किनार पाहिजे होती. पिकल्या जांभळासारखी, काळसर, उन्हात धरली की आतून लाल मारणारी. काय रंग उतरला होता म्हणून सांगू! आता रंगाऱ्याच्या कामात एक शेवटचं काम राहते. रंग चढला की सूत साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढायचं, अन् मंग सात पाणी द्यायचं, एकामागून एक, शेवटचं पाणी कोरं निघेपर्यंत. लय कंटाळवाणं काम. अन् त्याच दिवशी उमरेडले मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली होती, अन् मंडईत दंडार, नाचगाण्याचं सोंगाचं नाटक, लागली होती, अन् माहा एक दोस्त त्या दंडारीत राक्षसीण होऊन नाचणार होता. आता तुम्हीच सांगा, लुगडं नेसलेली मिशीवाली राक्षसीण पाहायची का सात पाणी द्यायचे? मी साबणाचं पाणी दिलंच नाही, सातच्या जागी दोन पाणी दिले, लड्या वाळत टाकल्या अन् बस पकडली. वाळलेली लडी मोठी लबाड राहते, ओली होईपर्यंत तोंड उघडत नाही. मी मनात म्हटलं, लग्नात लुगडं कोण भिजवते.

कोण भिजवते? सासू भिजवते! सासरच्या दारात नवरीच्या पायावर पाणी टाकायची रीत असते, ते मी विसरलोच होतो. मी बाईसोबत कामठीले गेलो होतो, दारातच उभा होतो. वैशाखाचं ऊन, घामानं किनार आधीच ओली, त्यात सासूनं तांब्याभर पाणी सोडलं अन् बाईच्या पायावरून जांभळं पाणी वाहायले लागलं. घोटे जांभळे, टाचा जांभळ्या. अन् बाई तशीच उंबरा ओलांडून चालत गेली, काय करन बिचारी, अन् पांढऱ्या मातीनं सारवलेल्या ओसरीवर दारापासून देवापर्यंत जांभळी पावलं उमटली. लक्ष्मीची पावलं कुंकवाची असतात. ही कोणाची होती? मंग सासू म्हणे, काय गा, सून आणली का हडळ आणली? लोक हसले. बाई हसली नाही. तिनं मागं वळून एकदा माह्याकडं पाहिलं, फक्त एकदा, बस. आठ दिवस तिचे पाय जांभळे होते. पहिले बोटं साफ झाले, मंग तळवे, अन् डाव्या पायाच्या घोट्यावरचा डाग सगळ्यात शेवटी गेला, हे तिनंच मले पुढं सांगितलं. मले कधी एका शब्दानं बोलली नाही. मी त्या सुताची एक लडी ठेवून घेतली, अन् पुढं माहा स्वतःचा रंगाचा कारखाना झाला, आम्ही त्याले भट्टीच म्हणतो, तेव्हा तिथल्या भिंतीवर खिळ्याले टांगली. कोणी विचारलं तं म्हणायचो, हा माहा मास्तर आहे.

आता पुढं या. पंचवीसेक वर्षं गेली. इमर्जन्सी उठली त्याच्या मागच्यापुढच्या वर्षी माहं तोंड सुजायले लागलं. सकाळी आरशात पाहावं तं अंदरून कोणी दुसराच शेठ पाहून राहिला, गाल फुगलेले, डोळे बारीक. मी खुश, म्हटलं तब्येत सुधरून राहिली. डॉक्टर म्हणे, तुमचे दोन्ही गुर्दे, म्हणजे किडन्या, बसले. तेव्हा नागपुरात गुर्दा बदलून देणारं कोणी नव्हतं, मद्रासच्या बाजूले जावं लागे. अन् गुर्दा आणायचा कुठून? माय म्हातारी, विमलचा जुळला नाही. जुळला तो बाईचा. तिची सासू जिवंत होती, खाटेवर पडून होती पण जीभ उभी होती, म्हणे कौसल्ये, ज्यानं तुले हडळ बनवलं त्याले तू काळीज देतं का? बाई म्हणे, काळीज नाही जी, गुर्दा, अन् दोन आहेत माह्याजवळ. अन् निघाली.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी बाईनं माहा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हणे, बापू, शपथ घे, आता भट्टीत हात घालणार नाही, पाय घालणार नाही. डॉक्टरांनीही सांगितलंच होतं की घाण पाण्यापासून लांब राहा, तुम्हाले आता जन्मभर अशा गोळ्या घ्याव्या लागतील की साधी खरूजही महागात पडन. मी शपथ घेतली. बाईचा गुर्दा माह्या पोटात बसला, पहिल्याच दिवशी धो धो लघवी झाली, अन् माह्या बायकोनं लघवीले हात जोडले. हसू नका. तुम्हीही जोडले असते.

वर्ष, सव्वा वर्ष मजेत गेलं. भट्टीवर मी खुर्ची टाकून बसायचो अन् काठीनं इशारे करायचो, नाटकातल्या राजासारखा. मंग एक दिवस जांभळ्याची ऑर्डर आली. मारोती म्हणून माहा कारागीर, माणूस सोन्यासारखा, पण जांभळ्यात त्याचा हात चुके, कधी वांगं निघे कधी गुलाल. दोनदा माल बिघडला. तिसऱ्यांदा मले राहवलं नाही. चप्पल काढली, धोतर खोचलं अन् हंड्यांच्या मधात उतरलो. खाली सगळा रंगाचा चिखल. अहाहा! काय सांगू तुम्हाले, नदीत पाय सोडल्यासारखं वाटलं. मारोतीले म्हटलं, घरी बोलशील तं तुलेच हंड्यात बुडवीन.

तीन दिवसांनी आंघोळीच्या वेळी पाहतो तं डाव्या पायाच्या घोट्यावर जांभळा डाग. मसुरीच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, आली का चोरी उघडी! साबण लावला, दगडानं घासलं, निघेना. लिंबू लावलं, निघेना. मंग काय, मोजे चढवले. नागपूरचा मे महिना, कावळे चोच उघडी टाकून बसलेले, रस्त्याचं डांबर चपलेले चिकटून राहिलं, अन् हा गृहस्थ पायात लोकरी मोजे घालून. विमल म्हणे, अवो, हे काय सोंग? मी म्हटलं, त्या गोळ्यांनी पाय गार पडतात. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा समजायचं की हिशेब सुरू आहे.

पंधरा दिवसांनी डागाशेजारी दुसरा डाग. मी मधात भट्टीत पाय ठेवला नव्हता, देवाची शपथ, म्हणजे ही शपथ खरी. मंग तिसरा. मंग टाचेवर. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. रंगाऱ्याची एक परीक्षा असते, ओला पांढरा कपडा घ्यायचा अन् घासायचा, रंग कच्चा असन तं कपड्याले लागते. मी भट्टीवर एकटा बसून ती परीक्षा केली. कपडा कोरा. अंगठ्यानं दाबून पाहिलं, डाग जिथल्या तिथं. माह्या हातून जन्मात इतका पक्का रंग कधी बसला नव्हता, अन् हा मी बसवलेला नव्हता. मंग मी रंग उतरवायचं औषध लावलं, ज्यानं सुताचा रंग पाहता पाहता उडते. चामडी भाजली, फोड आला, फोड वाळला, अन् त्याच्या खालून डाग तसाच्या तसा वर आला. अन् आता तो सपाट नव्हता, हाताले लागे.

भर दुपार होती. कामगार जेवायले गेलेले, भट्ट्या थंड, वरच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडलेला. आम्ही रंग जुळवतो तो भर दुपारीच, दिव्यात रंग खोटा दिसते. मी भिंतीवरच्या नमुन्याच्या लड्या एकेक करून काढल्या अन् पाय उन्हात धरून डागाशी लावून पाहिल्या. हा नाही, हा नाही, हा थोडा लाल. मंग राहिली ती एकच, खिळ्यावरची, पंचवीस वर्षांची. तिच्यावरची धूळ झटकली. पायाजवळ न्यायले हातच होईना. शेवटी लावली.

जुळली जी. काळसर, अन् उन्हात धरली की आतून लाल. लडी कुठं संपते अन् पाय कुठं सुरू होते ते समजेना. मले बाईची ती मागं वळून पाहिलेली नजर दिसली. मले वाटलं, शपथ मोडली ना बापू, आता पाह्य.

इकडं घरी विमलनं मले पकडलं, अन् कसं पकडलं ते ऐका. तिनं माहे मोजे धुतले. म्हणे, वीस वर्षं तुमचे कपडे धुऊन राहिली, तुमच्या लंगोटातूनही रंग निघते, रंग लपवता म्हणावं तं या मोज्याचं पाणी कोरं काहून? खरं खरं सांगा, अंदर काय आहे? मी म्हटलं, रंग आहे. ती म्हणे, दाखवा. दाखवलं. ती खाली बसली अन् बोट फिरवलं, अन् म्हणे, हा रंग नाही. रंगाऱ्याची बायको आहे मी. हा रोग आहे. पाहा, वीस वर्षांनी तोच शब्द!

दवाखान्याच्या आधी तिनं बाईलेच बोलावून घेतलं. बाई कामठीच्या बसनं आली. तोवर मोहल्ल्यात बातमी गेलीच होती. शेजारची एक म्हातारी दारात येऊन म्हणे, जित्या बाईची वस्तू दुसऱ्याच्या पोटात घातली, ते रक्त आपल्या मालकिणीले हाका मारन नाही तं काय! विमलनं तिले हाकललं. पण मी ऐकलं, बाईनंही ऐकलं.

बाई माह्यासमोर बसली. माहा पाय मांडीवर घेतला. सात डाग होते, सगळे घोट्याच्या अन् टाचेच्या आजूबाजूले, जशी किनार लागते तसे. ती पाहतच राहिली. मी म्हटलं, बाई, मी शपथ मोडली, भट्टीत उतरलो, त्याचं हे, तुह्या लग्नातल्या लडीशी रंग जुळून राहिला. मले वाटलं आता चार शिव्या देईन. तं ती रडायलेच लागली. म्हणे, तुह्या शपथेचं नाही रे बापू. त्या दिवशी ओसरीवर मी मागं वळून पाहिलं होतं ना, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, असेच तुहे पाय होवोत, अन् धुतल्यानं जाऊ नयेत. पंचवीस वर्षं मी देवाले सांगून राहिली की ते खोटं होतं, वापस घे. त्यानं घेतलंच नाही वाटते.

भर दिवसा, बाजूच्या घरात रेडिओ सुरू, विमल चहा गाळून राहिली, अन् आम्ही दोघं भाऊबहीण त्या पायाकडं असे पाहून राहिलो जसा तो तिसऱ्याच कोणाचा आहे.

मंग चामडीच्या डॉक्टरीणबाई. वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी भिंग लावून पाहिलं, छोटासा तुकडा काढून तपासायले पाठवला, अन् आठ दिवसांनी आम्हाले बसवून सांगितलं. म्हणे, ही बारीक रक्तनळ्यांची गाठ आहे, कॅन्सरच्या जातीतली, कपोसीचा सारकोमा म्हणतात, मी पुस्तकात वाचला होता, माणसावर पहिल्यांदा पाहून राहिली. मी म्हटलं, हा कपोसी कोण, कोणत्या मोहल्ल्यातला? त्या हसल्या नाही. मंग मी म्हटलं, बाईसाहेब, मी शपथ मोडली होती. बाई म्हणे, अन् मी शाप दिला होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. म्हणे, दोघंही ऐका. तुमच्या अंगात चौकीदार असतात, परक्याले हाकलतात. बहिणीचा गुर्दा परका समजून हाकलू नये म्हणून गोळ्या देऊन त्यांना गुंगीत ठेवलं आहे. चौकीदार झोपला की पाहुणा राहते, पण चोरही शिरते. हे डाग तो चोर आहे. यात ना शपथ आहे ना शाप.

मले विचाराल तं, शाप असता तं बरं झालं असतं. शापाले उतारा असते. इथं उतारा काय होता? गोळ्या कमी करायच्या. म्हणजे चौकीदार जागा होईन, डाग खाईन. पण जागा झाला अन् बाईचा गुर्दा परका म्हणून तोडला तं? डॉक्टरीणबाई म्हणे, सांगता येत नाही. नाही कमी केल्या तं हे डाग उद्या फुप्फुसात निघतील, आतड्यात निघतील, तिथं मोजे घालता येणार नाहीत.

मी घरी येऊन सांगून टाकलं, गोळी कमी करणार नाही. एकदा बाईच्या लुगड्याचं सूत मी बिघडवलं, आता तिच्या अंगातला तुकडा बिघडवून तिले कोणतं तोंड दाखवू? मेलो तं मेलो, पण तिची वस्तू शाबूत ठेवून मरीन. नाटकात असतो तं टाळ्या पडल्या असत्या. विमल भिंतीकडं तोंड करून बसली. अन् बाई, जी कामठीहून शिदोरी घेऊन आली होती, ती मले भाकर वाढता वाढता थांबली. म्हणे, येडा आहेस का बे? लुगडं फाटन म्हणून कोणी नागवं बसते का? मी तुले ती वस्तू पेटीत घालून ठेवायले दिली का? वापर. फाटली तं फाटली. अन् भाकर ताटात आदळली.

गोळ्या कमी झाल्या. एकदम नाही, थोड्या थोड्या. दर आठवड्याले रक्त, दर आठवड्याले लघवी, अन् दर रविवारी बाई कामठीहून. येताना भट्टीवरून ती लडी घेऊन यायची, माहा पाय अंगणातल्या उन्हात धरायची अन् लडी लावून पाहायची. दीड महिना काहीच फरक नाही. मधात एकदा लघवी कमी झाली, अंगावर सूज आली, विमल दोन दिवस जेवली नाही, मी बोलायचं बंद केलं. माहं बोलणं बंद म्हणजे घरात मयतच. पण ते निभलं. अन् मंग एका रविवारी बाईनं लडी लावली अन् म्हणे, बापू, जुळून नाही राहिली.

डाग उतरायले लागले. अन् आता हे मी तुम्हाले सांगतो, विश्वास ठेवा नका ठेवू, डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं तं त्या म्हणे योगायोग. पहिले बोटाकडचे गेले. मंग टाचेचे, तळव्याकडचे. प्रत्येक वेळी बाई मले आधीच सांगे, आता हा जाईन. जसे तिचे पाय साफ झाले होते, त्याच क्रमानं. अन् डाव्या घोट्यावरचा शेवटी राहिला.

तो आजही आहे. पाहा, हा. जांभळा नाही आता, तांबूस, वाळल्या चिंचेसारखा. डॉक्टरीणबाई म्हणतात, ही नुसती खूण आहे, यात काही नाही. मी मान हलवतो. पण रोज सकाळी उठलो की पहिले देव नाही, पहिले पाय पाहतो. विमल म्हणते, सगळे लोक स्वतःच्या हाताचे तळवे पाहतात, हे बुवा घोटे पाहतात. गुर्दा चालून राहिला, पहिल्यासारखा तेज नाही, कुरकुरते, पण चालून राहिला. बाईसारखाच आहे.

भट्टीत मी उतरलो नाही पुन्हा. पण मागच्या दिवाळीच्या आधी मारोतीले हंड्याजवळ उभं केलं अन् मी खुर्चीवरून काठी हलवून किनारीचं सूत काढून घेतलं, जांभळं. साबणाचं उकळतं पाणी माह्यासमोर दिलं, अन् सातच्या जागी अकरा पाणी दिले. मारोती म्हणे, शेठ, आता सूत रडन. मी म्हटलं, रडू दे, आत्ता रडू दे. उमरेडच्या एका म्हाताऱ्या विणकरानं लुगडं विणून दिलं, अन् भाऊबीजेले बाई ते नेसून आली. तिले मी दारातच थांबवलं. तांब्या घेतला अन् तिच्या पायावर, किनारीवर, सगळं पाणी ओतून दिलं. विमल ओरडली, अवो, नवं लुगडं! बाईनं उंबरा ओलांडला अन् आमच्या फरशीवरून हळूहळू चालत देवापर्यंत गेली. आम्ही सगळे खाली वाकून पाहून राहिलो. पाण्याची पावलं होती, नुसत्या पाण्याची. दारातून ऊन येत होतं, त्यात ती पाहता पाहता वाळली, अन् फरशी कोरी झाली.

बाईनं देवाजवळ उभं राहून मागं वळून पाहिलं माह्याकडं. म्हणे, ये आता, ओवाळून घे, भूक लागली मले.

बस, एवढंच आहे माह्याजवळ सांगायले. तुम्ही एवढं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, तं रंगाऱ्याजवळ द्यायले दुसरं काय आहे, तुमचा रंग पक्का राहो, अन् देणाऱ्याचा हात तुमच्यावर राहो. चहा घेऊन जा. अन् जाता जाता, तुमच्या घोट्यावर ते काय आहे? घाबरले ना! धूळ आहे जी, इतवारीची. पुसा, निघून जाईन.